वहीत न लिहिलेली कॉफी

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे आणि स्वभावाने पक्का भित्रा आहे. हसू नका. तुमच्या पोटात काचेची बाटली असती, आणि पडलो की संपलो हे तुम्हाला जन्मापासून माहीत असतं, तर टेबलाच्या कडेला ठेवल्यावर तुम्हीही जीव मुठीत धरून बसला असतात. बाहेरून मी हिरव्या पत्र्याचा, धट्टाकट्टा दिसतो. आत सगळा काचेचा कारभार. बाटलीत बाटली, दोन्हींच्या मधली हवा काढून टाकलेली, आणि काचेवर आरशासारखा मुलामा. कारखान्यात एका बाईने मला कानाशी धरून टिचकी मारली होती. "ठीक आहे हा," ती म्हणाली. तेवढे तीन शब्द ऐकेपर्यंत माझा जीव जो टांगणीला लागला, तो आजतागायत पुरता खाली उतरलेला नाही.

मला विकत घेतलं ते लग्नाला तीनच महिने झालेल्या एका बाईने, आपल्या नवऱ्यासाठी. नवरा वजनमापं तपासनीस होता. दुकानादुकानांत जायचं, तराजू सरळ आहे का बघायचं, वजनं घटलेली नाहीत ना ते तपासायचं, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि नसतील तर जप्त करायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून मीही साहेबच म्हणतो.

साहेबांचा एक नियम होता. ज्या दुकानात तपासणीला जायचं, तिथे पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. "आज त्याचा चहा प्यायलो, की उद्या त्याचा वाकडा तराजूही मला सरळ दिसायला लागेल," असं ते म्हणायचे. पण माणसाला दिवसभर फिरताना काहीतरी गरम लागतंच, आणि साहेबांना तर कॉफी लागायची. चार कप. सकाळी घरी एक, मग माझ्यातून दहाला, बाराला आणि तीनला. एक कप चुकला तर त्यांचं डोकं ठणकायचं. म्हणून बाईसाहेबांनी मला आणलं.

काय दिवस होते ते! दुकानदारांनी त्यांचं नावच पाडलं, 'थर्मासवाले साहेब'. मी दुरून दिसलो की अर्ध्या बाजाराची पाचावर धारण बसायची. आणि मित्रांनो, फुशारकी मारतो असं समजा, पण एक गोष्ट सांगतोच. साहेबांनी वजनांची सरकारी पेटी उघडली की लबाड दुकानदार सावध व्हायचा आणि पारड्याखाली चिकटवलेलं मेण गुपचूप काढून घ्यायचा. मग साहेबांनी युक्ती काढली. ते आधी हवापाण्याच्या गप्पा मारायचे, कॉफी संपवायचे आणि रिकामा झालेला मी सहज म्हणून पारड्यावर ठेवायचे. माझं रिकामं वजन त्यांना तोंडपाठ. काटा जरा इकडेतिकडे झाला की ते हसायचे, "शेठ, माझा थर्मास तुमच्याकडे येऊन लठ्ठ झाला की हो!" दुकानदाराचा चेहरा पडायचा. मीही थरथरायचो, कारण पारडं हलायचं आणि खाली फरशी असायची. पण अभिमानही वाटायचा. अजून वाटतो.

पुढे साहेब निवृत्त झाले. घरी बसलेल्या माणसाला थर्मास कशाला? मला कपाटावर ठेवलं, जुन्या सूटकेसच्या मागे. बाईसाहेब गेल्या, ते मला खालच्या रडण्यावरून कळलं. सहा वर्षं मला कुणी हात लावला नाही. एका कोळ्याने माझ्या बुचावर संसार थाटला. माझ्या आतली पोकळी पूर्वीसारखी राहिली नाही, ऊब हळूहळू बाहेर झिरपू लागली, हे मला कळत होतं. काम नाही तर पडायचीही भीती नाही, असं मी स्वतःला समजवायचो. पण खोटं कशाला बोलू, विसरले जाण्याची भीती पडण्यापेक्षा वाईट असते.

मग एके दिवशी साहेबांच्या मुलीने स्टूल लावून मला खाली काढलं. तिला सगळे ताई म्हणतात. लग्न केलं नाही, वाचनालयात नोकरी करते, बापलेक दोघंच घरात. ताईने मला धुतलं, वास घेतला, पुन्हा धुतलं आणि साहेबांच्या पलंगाजवळच्या तिवईवर ठेवलं. ज्या खांद्यावर मी तीस वर्षं लटकलो, तो खांदा हाडापुरता उरला होता.

साहेबांच्या मणक्यात आजार शिरला होता. बरा होणारा नव्हता, पण दुखणं आवरता येणारं होतं. त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात. एक सिस्टर दर आठवड्याला घरी यायच्या. त्यांनी साहेबांना एक वही दिली होती. दिवसातून चार वेळा त्यात एक आकडा लिहायचा. दुखणं मुळीच नाही तर शून्य, सहनच होत नाही तर दहा. ती वही पाहून सिस्टर डॉक्टरांना फोन करायच्या आणि गोळ्यांचं प्रमाण ठरायचं.

"म्हणजे मी तराजू आणि मीच माल!" साहेब पहिल्या दिवशी म्हणाले होते. सिस्टर खळखळून हसल्या होत्या. वहीत तीन, चार, तीन, तीन असे आकडे पडत होते. ताई कामावर जाताना माझ्यात तीन कप कॉफी भरून जायची. साहेब ती जुन्याच वेळा पाळून प्यायचे, आणि मधल्या वेळात मला कमरेशी धरून बसायचे, कारण माझी ऊब आता बाहेर येत होती. ज्या दोषाची मला लाज वाटायची, तो त्यांना बरा वाटत होता. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सगळं सुरळीत चाललं की मला हमखास धडकी भरते.

धडकी खरी ठरली. समोरच्या घरातल्या मावशी साहेबांना बघायला आल्या. बाई मनाने चांगल्या, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबरठ्याबाहेर पडत नाही. स्वयंपाकघरात त्यांनी ताईला गाठलं. तेव्हा मी तिथेच ओट्यावर पालथा पडलो होतो.

"अगं, तू त्यांना कॉफी देतेस? एवढ्या जबर गोळ्यांवर? माझ्या जावेच्या भावाचं असंच झालं. कॉफीने औषध मारलं, माणूस नुसता तळमळत होता."

"सिस्टर तर काही बोलल्या नाहीत, मावशी."

"त्या कशाला बोलतील? तू विचारलंस का?"

ताईने विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती फोन घेऊन बसली. वाचनालयातली बाई ती, एक वाचून थांबते थोडीच! एका ठिकाणी लिहिलं होतं की कॉफीतल्या कॅफीनमुळे अशा गोळ्यांचा गुण वाढतो. दुसरीकडे उंदरांवरच्या प्रयोगाबद्दल होतं, की थोडं कॅफीन दिलं तर गुण कमी होतो. तिसऱ्या पानाने म्हटलं, दोन्ही खरं असू शकतं. ताई मोठमोठ्याने वाचत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, असं म्हणतात. पण मनच घाबरलेलं असेल तर माणूस काय करेल? सिस्टरना फोन करेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच ओरडत होतो. पण थर्मासाचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी ताईने बाजारातून कॅफीन काढलेली कॉफी आणली आणि साहेबांच्या जुन्या डब्यात भरली. रंग तोच, वास जवळजवळ तोच. पुडी तिने कचऱ्यात खोल दडपली. "बाबांना सांगितलं तर ऐकायचे नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली. "कॉफी म्हणजे जीव की प्राण त्यांना." मग तिने ती माझ्यात ओतली. मित्रांनो, ज्या थर्मासाने तीस वर्षं लबाड तराजू पकडून दिले, त्याच्याच पोटातून आता साहेबांना खोटा माल जाणार होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांचं डोकं ठणकू लागलं. तिसऱ्या दिवशी ते दुपारभर पेंगत होते. पूर्वी कॉफी घेऊन ते रेडिओ ऐकायचे, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चालीवर शेरे मारायचे. आता हनुवटी छातीवर टेकायची. आणि दुखणं वाढलं होतं. मला कळत होतं, कारण ते मला कमरेशी इतकं घट्ट दाबायचे की माझा पत्रा कुरकुरायचा.

मी म्हटलं, सुटलो! साहेब आता वहीत लिहितील. आकडा वाढलेला दिसेल, सिस्टर विचारतील, ताई सांगेल. साहेबांनी पेन्सिल घेतली. बराच वेळ ती कागदावर धरली. त्यांच्या कण्हण्यावरून मी अंदाज केला होता, सहा तरी असेल. सातही असेल.

त्यांनी लिहिलं, तीन.

माझा विश्वास बसेना. या माणसाने आयुष्यात कधी एका ग्रॅमची सूट दिली नव्हती! संध्याकाळी ताई आली, तिने सगळ्यात आधी वही उघडली आणि तिचा चेहरा उजळला. "तीन! बाबा, बघा, बरं वाटतंय ना?" साहेब म्हणाले, "झकास." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागे एकदा वहीत पाच आला होता, त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात नळ सोडून रडली होती. पाण्याच्या आवाजाने रडणं झाकतं, असं तिला वाटलं होतं. साहेबांचे कान अजून तिखट आहेत.

म्हणजे बघा, मुलगी बापाला खोटी कॉफी देत होती आणि बाप मुलीला खोटा आकडा देत होता. दोघंही प्रेमाने. आणि दोघांच्या मधे तिवईवर मी, सगळं जाणून मुका. रोज वहीत तीन पडायचा, ताई रोज खूश व्हायची, आणि कॉफी बंद केली हे बरंच झालं असं तिला आणखी वाटायचं.

सहाव्या दिवशी सिस्टर आल्या. साहेब उशीला टेकून झोपेत होते. सिस्टरनी हाक मारली. दुसऱ्या हाकेला डोळे उघडले. सिस्टरनी घड्याळ लावून श्वास मोजले, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, वही चाळली.

"दुखणं तीनवरच आहे," त्या ताईला म्हणाल्या, "पण गुंगी फार वाढली आहे. काही बदललं का गेल्या आठवड्यात? खाणं, पिणं, दुसरं औषध?"

आता बोल, ताई! मी मनातल्या मनात इतका तडफडलो, की वाटलं काचेला तडा जाईल.

"नाही," ताई म्हणाली. "काहीच नाही." कॉफी तिला औषध वाटतच नव्हती, आणि कॅफीन काढून टाकणं म्हणजे 'काही देणं' नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली असावी. पण तिचे कान लाल झाले होते.

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. "आकडे तीनच आहेत, पण झोप जास्त आहे... हो... म्हणजे प्रमाण उतरवायचं? बरं. उद्या सकाळपासून."

उतरवायचं! माझं धाबं दणाणलं. साहेब आहे त्या गोळ्यांवर दात आवळून दिवस काढत होते. त्या कमी केल्या तर काय होईल? ताईला खरा आकडा माहीत नव्हता, सिस्टरना कॉफी माहीत नव्हती, डॉक्टरांना दोन्ही माहीत नव्हतं. मलाच तेवढं सगळं माहीत होतं. असं माहीत असणं काय जाळायचं आहे?

साहेबांनी ते ऐकलं होतं. त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला आणि तोंडातून एक आवाज निघाला. तो दाबायला त्यांनी चादरीचं टोक दातात धरलं. पण ताईने पाहिलं.

"बाबा!" ती धावली. "हे तीन आहे? खरं सांगा मला. हे तीन आहे?"

साहेबांनी चादरीचं टोक दातातून सोडलं. मग हळूच म्हणाले, "आधी तू सांग. डब्यात काय भरलंयस?"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"भेसळ माझ्या खात्यात नव्हती गं," साहेब म्हणाले, "पण मला जीभ आहे, आणि डोकंही आहे. दुसऱ्याच दिवशी डोक्याने सांगितलं, ही ती कॉफी नव्हे."

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या मायेने फसवत होतीस, म्हटलं कशाला पकडायचं? आयुष्यभर पकडापकडीच केली."

ताई मटकन खाली बसली आणि सगळं भडाभडा बोलून गेली. मावशी, जावेचा भाऊ, फोनवरची तीन पानं, कचऱ्यात दडपलेली पुडी. "मला वाटलं, कॉफीमुळे गोळी लागू पडली नाही तर? मला तुमचं दुखणं बघवत नाही हो, बाबा."

"ते ठाऊक आहे मला," साहेब म्हणाले. "म्हणून तर तीन लिहीत होतो."

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एरवी हसतमुख बाई, पण तेव्हा त्यांचा आवाज चढला. "वा! वजनमापं तपासनीस म्हणे! काका, तुमच्या या तीनवर मी उद्या तुमची गोळी कमी करणार होते. कळतंय का? आणि ताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या!" मग दोघांचे चेहरे पाहून त्या नरमल्या. त्यांनी पुन्हा डॉक्टरांना फोन लावला आणि या वेळी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा तिवईवर, माझ्याशेजारीच ठेवला.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "हे बघा, कॉफीने या गोळ्यांचा गुण वाढतो की कमी होतो, याचं एका शब्दात उत्तर माझ्याकडे नाही. काही रुग्णांत थोडा फायदा दिसला आहे, प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत उलटंही दिसलं आहे. प्रमाणावर असतं, माणसावर असतं. पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. रोजची कॉफी एकदम तोडली की डोकं दुखतं. आणि कॉफी गोळ्यांची गुंगी थोडी मागे ढकलते. ती बंद झाली, म्हणून झोप वर आली असेल."

"मग भरपूर पाजू का?" ताईने विचारलं.

"अजिबात नाही! गुंगी ही आमची धोक्याची खूण आहे. जास्त कॉफीने ती झाकली गेली, तर गोळी जास्त झालेली आम्हाला कळणारच नाही. पूर्वी किती द्यायचात?"

"चार कप. पण आम्ही ते कधी सांगितलंच नाही."

"आणि मीही कधी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आता गोळ्यांचं प्रमाण उतरवायचं नाही. कॉफी हळूहळू पूर्वीइतकी करा, रोज तेवढीच, आणि वहीत लिहा. मग दुखणं किती उतरतं ते बघू. कदाचित आजारच पुढे सरकला असेल, तेही त्यातूनच कळेल. काका, या क्षणाचा आकडा सांगा. खरा."

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताईने वही मांडीवर घेतली, पेन्सिल उचलली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण नळ सोडायला ती उठली नाही.

"सात," साहेब म्हणाले.

ताईने लिहिलं, सात. कागद ओला झाला. साहेब म्हणाले, "रडू नकोस," तर ती म्हणाली, "मी रडणार, तुम्ही आकडा सांगत जा." डॉक्टरांनी मधली एक छोटी जादा गोळी द्यायला सांगितली आणि सिस्टर तासाहून जास्त वेळ तिथेच बसून साहेबांचे श्वास मोजत राहिल्या. तो तास मी कसा काढला, ते माझं मला माहीत. श्वास जरा लांबला की मला वाटायचं, झालं! शेवटी सिस्टरनी विचारलं, "आता?" आणि साहेब म्हणाले, "पाच. अस्सल पाच." तेव्हा कुठे त्या हसल्या.

ताईने त्याच दिवशी वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, कॉफी. मावशींना तिने काही बोलून दुखावलं नाही. पण आता कुणी सल्ला दिला की ती म्हणते, "थांबा हं, सिस्टरना विचारते," आणि खरंच फोन लावते.

दोन आठवडे झाले. आकडे पाचवर आले, मग चार. एक दिवस पुन्हा सहा झाला, तो सहाच लिहिला गेला आणि गोळ्यांचं प्रमाण थोडं वाढवलं. हे कॉफीमुळे, गोळ्यांमुळे की ताई आता दुपारी लवकर घरी येते म्हणून, ते सांगता येत नाही असं सिस्टर म्हणतात. साहेब दुपारी तीनचा कप घेऊन पुन्हा खिडकीतून बघतात. आजार काही मागे फिरलेला नाही. काय पुढे वाढून ठेवलंय, हे मला ठाऊक आहे आणि त्या विचाराने मी आजही आतून थंड पडतो.

म्हणून मित्रांनो, या भित्र्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. मला घासताना आत खरखरीत काही घालू नका आणि टेबलाच्या कडेला ठेवू नका, ते तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी दुखणाईत असेल, तर त्याच्या ताटात, कपात, गोळीत जे काही बदलाल ते औषध देणाऱ्याला सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा. आणि कधी तुमचंच काही दुखलं आणि कुणी विचारलं, किती दुखतंय, तर समोरचा रडेल म्हणून आकडा कमी करू नका. रडता रडताही माणसाला खरा आकडा लिहिता येतो. मी पाहिलंय.